ओमानच्या कॅम्पात चार महिने आणि एक तवाभर मिरची

परदेशात नोकरीला जायचं हे मी ठरवलं नव्हतं, ते माझ्या साडूमुळं ठरलं. साडू दुबईत असतो. दर दिवाळीला येतो, खजूर वाटतो आणि चहाचा कप हातात धरून प्रत्येक वाक्य 'आमच्याकडं' असं सुरू करतो. आमच्याकडं रस्ते असे, आमच्याकडं गाड्या तशा. खरं तर त्याच्याकडं म्हणजे कुरुंदवाडला, पण ते तो विसरलाय. एका दिवाळीला त्याचं हे ऐकता ऐकता माझ्या बायकोनं, सुनीतानं, माझ्याकडं नुसतं बघितलं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला वाळवंटात धाडायला तेवढं पुरलं.

मी फौंड्रीत सेफ्टी सुपरवायझर होतो. म्हणजे हेल्मेट घाला, हातमोजे घाला असं मी दिवसभर ओरडायचं आणि लोकांनी व्हय व्हय म्हणत माझी पाठ वळली की ते काढून ठेवायचं. हे काम मी बावीस वर्षं केलं. ओमानमधल्या एका गॅस प्रकल्पाला असाच माणूस हवा होता. मुंबईत इंग्रजीतून मुलाखत झाली. मी इतक्या जोरात बोललो की समोरच्या साहेबाला तो आत्मविश्वास वाटला. आम्ही घरात पाणी मागतानाही त्याच आवाजात बोलतो, हे त्याला कोण सांगणार? एका वर्षाचा करार झाला.

बातमी फुटली आणि गारगोटीच्या स्टँडसमोर मित्रांनी बोर्ड लावला. त्यावर माझा गॉगल घातलेला फोटो, मागं विमान आणि उंच इमारती, आणि 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली अभिनंदन करणाऱ्या चौदा जणांचे फोटो, त्यातल्या तिघांना मी ओळखत नव्हतो. मी संकोचाचं नाटक केलं आणि दिवसातून दोनदा कारण काढून स्टँडवर जाऊन आलो.

निघताना अकरा नारळ मिळाले. ते विमानात नेता येत नाहीत, त्यामुळं जाणाऱ्यांनो, नारळाऐवजी चांगले मोजे मागा. माझ्या बॅगेत तीन किलो चटणी होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा, लसूण, खोबरं घालून केलेला लाल तिखट मसाला, आणि ती भाजीपासून अंड्यापर्यंत सगळ्यात पडते. शिवाय भडंग आणि दोन ढेपा गूळ. कपडे उरलेल्या जागेत बसवले होते.

कोल्हापूर ते मुंबई रात्रीची स्लीपर बस आणि मुंबई ते मस्कत विमान. मस्कतला कस्टमच्या माणसानं चटणीची पिशवी उघडली, नाक जवळ नेलं, तीन वेळा शिंकला आणि हातानंच 'जा जा' म्हणाला. मला उगाच अभिमान वाटला.

मस्कतहून कॅम्पला कंपनीच्या बसनं सहा तास लागतात. रस्ता सरळ आणि इतका गुळगुळीत की आपल्या पाठीला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पहिला तास डोंगर, मग वाळू, मग वाळू, मग एक पेट्रोल पंप. त्या पंपावर उतराच. तिथला कडक दुधाळ चहा आणि गरम पराठा फार चांगला मिळतो, आणि पुढं कॅम्पपर्यंत काहीच नाही. उंट रस्त्यात उभे असतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत. ते बघून मला आपल्याकडच्या म्हशींची आठवण आली आणि जरा बरं वाटलं.

कॅम्प म्हणजे तारेच्या कुंपणात पांढऱ्या पत्र्याच्या खोल्यांच्या लांब रांगा. प्रत्येक रांगेला मधून एक बंद बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना दारं. मेस, धुलाईघर, न्हाव्याची खोली, एक छोटी मशीद आणि वाळूतलं क्रिकेटचं मैदान. साडूला आणि गावाला मी फोनवर 'टाउनशिप' असं सांगितलं होतं. जलतरण तलाव आहे का, असं साडूनं विचारलं, तेव्हा मी 'काम चालू आहे' म्हणालो.

माझ्या खोलीत दुसरा माणूस होता रामसुरेश, बिहारमधल्या गोपालगंजकडचा वेल्डिंग फोरमन. पन्नाशीचा, कमी बोलणारा. दोन वर्षं घरी गेला नव्हता. त्याच्या कॉटखाली दोन जाडजूड मखमली ब्लँकेटं प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली होती, मुलीच्या लग्नासाठी. फेब्रुवारीत लग्न होतं. रोज संध्याकाळी तो ब्लँकेटांवरची धूळ पुसायचा आणि मी त्याला म्हणायचो, ''किती पुसतोस रे, मखमल झिजंल.'' तो हसायचा.

दिवस पहाटे पाचच्या बसनं सुरू व्हायचा. साइटवर पोचलं की कामाआधी पंधरा मिनिटं सगळ्यांना उभं करून मी सूचना द्यायचो. इथं माझं नशीब उघडलं. फौंड्रीत माझं कुणी ऐकत नव्हतं, इथं अडीचशे माणसं गप्प उभी राहून ऐकायची. नेपाळी, बंगाली, पंजाबी, केरळी. मी हिंदीत गर्जना करायचो. मुख्य विषय विषारी गॅसचा. प्रकल्पातल्या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वासच कळत नाही. म्हणून मी सांगायचो, डोळे चुरचुरले, घसा धरला, की वास शोधत बसू नका, अलार्मचं बटण दाबा आणि वारा जिकडून येतोय तिकडं चालू लागा. हे मी अभिनय करून दाखवायचो, खोकून, डोळे चोळून.

खोल्यांची तपासणीही माझ्याकडंच. खोलीत स्वयंपाक करायला सक्त मनाई. इलेक्ट्रिक शेगडी सापडली की जप्त, आणि माणसाला लेखी ताकीद. सेफ्टी ऑफिसातल्या कपाटात माझ्या हातानं जप्त केलेल्या सहा शेगड्या होत्या. मला त्यांचा केवढा अभिमान होता.

जेवणाचं सांगतो, कारण जाणारे तेच पहिलं विचारतात. जेवण फुकट आणि पोटभर. पण सतरा गावच्या माणसांना चालेल असं शिजवायचं म्हणून आचारी तिखटाला हातच लावत नसे. मी माझी चटणी काढली आणि पहिल्याच आठवड्यात चूक केली. शेजारच्या टेबलाला दिली. मग त्याच्या शेजारच्या. 'खाऊन बघा, कोल्हापूर हाय' असं म्हणत मी तीन महिन्यांत तीन किलो चटणी वाटून टाकली. लोक घाम पुसत 'वाह साहब' म्हणायचे आणि माझी छाती फुगायची. चौथ्या महिन्यात डबा रिकामा.

नेमकी तेव्हाच रामसुरेशची रजा मंजूर झाली. शनिवारी सकाळच्या बसनं तो मस्कतला जाणार, मंगळवारी मुलीचं लग्न. आता आमच्या भागात पाहुण्याला मटणाचं जेवण न घालता निरोप द्यायचा म्हणजे संबंध तोडल्यासारखंच. मी जाहीर केलं, शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे, शुक्रवारी तांबडा रस्सा मी करणार. आचारी भला माणूस, त्यानं मटण आणि एक गॅस देऊ केला. मिरची मात्र भाजू देणार नाही म्हणाला.

''धुआँ खींचने का पंखा बंद है साहब. सब खाँसेंगे.''

मी म्हणालो, आमच्या घरात बायका रोज भाजतात, कुणी मरत नाही. तो फक्त हसला. सेफ्टीचं शिक्षण मी घेतलेलं होतं आणि अक्कल त्याला होती.

शुक्रवारी सकाळी मी कॅम्पात भाजीपाला घेऊन येणाऱ्या व्हॅनवाल्याकडून आणलेल्या लाल मिरच्या, तवा आणि ऑफिसातल्या कपाटातली एक शेगडी घेऊन खोलीत शिरलो. होय, मीच जप्त केलेली. रामसुरेश न्हाव्याकडं केस काळे करायला गेला होता. मी छतावरच्या धुराच्या अलार्मला मेसची प्लास्टिकची पिशवी बांधली. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. ज्या गोष्टीबद्दल मी लोकांना घरी पाठवायच्या धमक्या देत होतो, ती मी स्टुलावर चढून, गाठ पक्की बसली का बघून केली.

मिरची तव्यावर टाकली. पहिली दोन मिनिटं घरचा वास आला, खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं ते आठवणीनं. त्यानंतरचं पाणी मिरचीचं होतं. धूर दाराखालून बोळात गेला. बोळातल्या खोल्यांत त्याच आठवड्यात आलेली नवीन तुकडी राहायला होती, आणि गुरुवारी सकाळीच मी त्यांना शिकवलं होतं. त्यांचे डोळे चुरचुरले, घसे धरले. त्यांनी वास शोधला नाही. अलार्मचं बटण दाबलं.

भोंगा वाजला आणि अख्खा कॅम्प बाहेर. कुणी टॉवेलवर, कुणी तोंडाला साबण लावलेला, एक जण हातात ताट घेऊन. सगळ्यांनी वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी फुगा बघितला आणि एकही माणूस न चुकता वारा येत होता तिकडं चालू लागला. इतकी शिस्तबद्ध सुटका मी बावीस वर्षांत बघितली नव्हती. मीही बाहेर पडलो, पण त्याआधी शेगडीची पिन काढली आणि तव्यासकट ती कॉटखाली ढकलली. माझ्या कॉटखाली बॅगा आणि गूळ होता. म्हणून रामसुरेशच्या कॉटखाली, ब्लँकेटांच्या शेजारी.

बाहेर जाऊन मी काय केलं असेल? पिवळं जाकीट चढवलं आणि माणसं मोजायला लागलो. कॅम्पचा प्रमुख इजिप्तचा, हानी साहेब. तो धावत आला, माझा खांदा थोपटला. ''एक्सलंट, मिस्टर डेसाय! एक्सलंट!'' मी मान डोलावली.

अग्निशमनवाले तोंडाला मास्क लावून आत गेले. त्यातल्या एकानं मास्क काढला, शिंकला आणि बाहेर येऊन म्हणाला, ''चिली.'' मग हानी साहेब स्वतः खोल्या बघत आमच्या खोलीपर्यंत पोचला. पिशवी बांधलेला अलार्म आणि कॉटखालची शेगडी. मी मागं उभा होतो. तेवढ्यात गळ्यात टॉवेल आणि डोक्याला ओला काळा रंग अशा अवतारात रामसुरेश आला.

''तुझ्या कॉटखाली आहे. कुणाची?'' हानी साहेबानं विचारलं.

रामसुरेशनं शेगडीकडं बघितलं, तव्यातल्या काळ्या मिरच्यांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. शुक्रवारच्या रश्शाचं आमंत्रण त्यालाच होतं. त्याला सगळं कळलं. तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला. मी हातातल्या हजेरीच्या कागदावर नजर खिळवली.

''मालूम नहीं साहब,'' तो म्हणाला.

हानी साहेबानं सांगितलं, चौकशी होईपर्यंत रामसुरेशच्या रजेचा कागद आणि गेटपास ऑफिसात जमा राहतील. आणि चौकशीचा अहवाल मिस्टर डेसाय लिहितील.

मी अहवाल लिहायला बसलो. घटना, वेळ, ठिकाण, सुटकेला लागलेला वेळ, सगळं सुंदर अक्षरात लिहिलं. 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना तेवढा रिकामा ठेवला. नियम मलाच पाठ होता. साध्या माणसाला ताकीद, सेफ्टीच्या माणसाला थेट घरी. डोळ्यांसमोर गारगोटीचा स्टँड आला, तो बोर्ड, ते चौदा फोटो, आणि साडूचा चहाचा कप. मी स्वतःला सांगितलं, उद्यापर्यंत काहीतरी मार्ग निघेल.

शनिवारी सकाळी मस्कतची बस रामसुरेशला न घेता गेली. तो बांधलेल्या ब्लँकेटांवर बसून खिडकीतून ती बघत होता. मग माझ्याकडं वळून इतकंच म्हणाला, ''रिपोर्ट लिख लिए, साहब?''

मी म्हणालो, ''थोडा बाकी है.''

त्यानं मान हलवली. तो माझ्यावर ओरडला असता, तर मला जेवण गेलं असतं. दुपारी सुनीताचा फोन आला.

''जेवलासा का? आवाज का असा येतोय?''

मी सगळं सांगितलं. ती मध्ये एकदा हसली, पिशवीच्या गाठीला.

''मग सांगा की जाऊन. काय खात्यात व्हय तुम्हाला?''

''घरी पाठवतील गं. गावात काय तोंड दाखवू? बोर्ड लावलाय तिथं.''

''बोर्ड वाऱ्यानं फाटलाय कवाच. निम्मं तोंड बी न्हाई त्यावर तुमचं. त्या माणसाची लेक हाय वो मांडवात बसायची.''

एवढं ऐकूनही मी त्या दिवशी गेलो नाही. हे नीट लिहितो, कारण नंतर मी ही गोष्ट सांगताना शनिवार गाळायला लागलो होतो.

रविवारी सकाळी साइटवर अडीचशे माणसं उभी होती. मी रोजच्यासारखा सुरुवात करायला गेलो आणि आवाजच निघेना. माझा आवाज, जो मुंबईच्या साहेबानं आत्मविश्वास म्हणून विकत घेतला होता. शेवटी म्हणालो, शुक्रवारी मिरची मी भाजली. शेगडी मी कपाटातून काढली. अलार्मला पिशवी मी बांधली. रामसुरेशचा काही संबंध नाही. आधी मागच्या रांगेत हशा पिकला, त्यांना वाटलं साहेब गंमत करतोय. मग हळूहळू हसणं थांबलं. ते थांबलं तेव्हा मला फार लाज वाटली, आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

हानी साहेब रागावला नाही. फक्त विचारलं, ''म्हणजे माणसं मोजत होतास तेव्हा तुला माहीत होतं?'' मी होय म्हणालो. त्यानं रामसुरेशचा गेटपास माझ्या हातात दिला, जाऊन दे म्हणाला, आणि माझा करार महिनाअखेर संपवला.

रामसुरेशनं गेटपास दोन्ही हातांनी घेतला. मी माफी मागितली. तो म्हणाला, ''छोड़िए साहब, टिकट देखते हैं.'' लग्नसराईत पुढचं तिकीट मिळालं ते मंगळवारचं. मस्कत, दिल्ली, पाटणा, पुढं गाडी. बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. लग्न रात्रीत लागलं होतं. कन्यादान त्याच्या भावानं केलं. तो पोचला तेव्हा मुलगी निघाली होती.

''देख लिया साहब,'' तो म्हणाला. ''गाड़ी में बैठते देख लिया.''

त्याच्या आवाजात राग नव्हता. ब्लँकेटं गाडीच्या टपावर बांधली, म्हणाला. मी 'बरं झालं' असं काहीतरी पुटपुटलो. फोन ठेवल्यावर मी कॉटवर बसून रडलो. समोरची कॉट रिकामी होती.

महिनाअखेरीला मी त्याच बसनं, त्याच सरळ रस्त्यानं मस्कतला आलो. पेट्रोल पंपावर चहा घेतला. अजूनही चांगला होता, जाल तेव्हा घ्या. कोल्हापूरला उतरलो आणि सगळ्यांना सांगितलं, प्रोजेक्ट लवकर संपला. साडू म्हणाला, आमच्याकडं प्रोजेक्ट असे मध्येच संपत नाहीत. मी म्हणालो, तुमच्याकडं माणसं चांगली असतील.

चार महिन्यांत काय कमावलं, असं लोक विचारतात. बायकोला एक घड्याळ, स्वतःला एक बॅग आणि अरबीतले चार शब्द. कॅम्पला जाणाऱ्यांनी घाबरू नये, जागा स्वच्छ असते, माणसं चांगली भेटतात. मोजे न्या. खोलीत काही शिजवू नका. आणि 'हे मी केलं' म्हणून हात वर करायची वेळ आली तर लगेच करा, नंतर तो जड होत जातो.

आता मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत आहे, काम तेच. पहिल्या दिवशी चाळीस पोरं समोर उभी होती, निम्म्यांचं लक्ष मोबाईलमध्ये. हेल्मेटचं भाषण करण्याऐवजी मी ही गोष्ट सांगितली. पिशवीची गाठ, टॉवेलवरची माणसं, शिंकणारा अग्निशमनवाला. पोरं पोट धरून हसली. मोबाईल खिशात गेले. मला वाटलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा आपल्याला ही कला जमली.

मागं भट्टीजवळ एक वयस्कर मोल्डर उभा होता, शाहूवाडीकडचा. तो हसला नव्हता. त्यानं विचारलं, ''साहेब, त्या पावण्याच्या लेकीचं लगीन हुतं म्हणालासा. मग तुमी लगीच सांगितलासा न्हवं?''

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. होय म्हणता आलं असतं. तिथं कुणाला काय माहीत होतं?

''न्हाई,'' मी म्हणालो. ''दोन दिवसांनी सांगितलं.''